एकेचाळिसावे पुत्र यांच्या नावाचे वर्तमान

श्री. जो गजानन सहस्र नावे धारण करोन कोणत्याही एका नावाने हाक मारिली तरी ओ देतो, त्यास नमस्कार करोन लेखणी धरिली. शके पंधराशे अठरा, दुर्मुखनाम संवत्सर. रेशमाच्या देशीचे लोक त्यास वानरवर्ष म्हणतात. ते समयी त्या देशी बादशहाचे चुलतबंधू राजपुत्र त्सुंग-वेई महाराज एका नगरी नांदत होते. राज्य करीत होते म्हणावे, तर राज्य कोणी दिले नव्हते. दंडकच ऐसा की राजरक्ताच्या पुरुषाने वेस ओलांडू नये, चाकरी करू नये, नांगर धरू नये. न जाणो, उद्योगाची गोडी लागोन गादीच मागावयाचा. मग दिवसभर करावे काय? महाराजांनी संसार केला आणि मन लावोन केला. राण्या नऊ, पुत्र त्रेसष्ट, आणि कन्या किती ते महाराजांसही ठाऊक नव्हते.

आणखी दंडक ऐसा की पुत्राचे नाव बापाने ठेवू नये, ते राजधानीच्या वंशदफ्तरातून यावे, आणि नाव आल्यावाचून लग्न होऊ नये. एकेचाळिसावे पुत्र एकतीस वर्षांचे जाहले, तरी नावाचा पत्ता नाही. फान कागदी म्हणोन कागद करणारे गृहस्थ होते, त्यांची कन्या ल्यान हिजबरोबर सोयरीक ठरोन दहा वर्षे जाहली होती. महाराजांनी अर्ज केला, तो परत आला की अर्जात मुलाचे नाव लिहिलेले नाही. दुसरा केला, त्याचे उत्तरच नाही. तेव्हा फान कागदी महाराजांपुढे येऊन बोलिले, "महाराज, लेक अठ्ठावीस वर्षांची जाहली. नववर्षापर्यंत वाट पाहतो. मग दुसरे स्थळ पाहीन, राग मानू नये." एकेचाळिसावे खांबापाशी उभे होते, त्यांचा चेहरा उतरला. ते पाहोन महाराजांचे आतडे तुटले, आणि त्यांनी तिसरा अर्ज स्वहस्ते लिहिला.

त्यावर राजधानीहून अधिकारीच आले. दफ्तरास संशय की राजवाड्यात परकी पोरे घुसवितात. सबब बापाने पुत्र ओळखून दाखवावा. आता सर्व पुत्रांस ओळखीत त्या थोरल्या राणीसाहेब. म्हणोन अधिकाऱ्याने त्यांस आत बसविले आणि चौकात पुत्रांसह सारी मंडळी उभी केली. महाराज पुढे जाहले. खांबापाशी पाहिलेला चेहरा आठवू गेले, तो खांबच आठवला. एका टोकाकडोन दुसऱ्या टोकास गेले, परत आले, आणि मग एका दुःखी मुद्रेच्या पुरुषास पोटाशी धरोन बोलिले, "बाळा, नावापायी किती वाळलास रे!"

अधिकारी बोलिले, "महाराज, हा आमचा कारकून. अकरा वर्षे आमच्या पदरी आहे."

आत राणीसाहेबांनी कपाळास हात लाविला. अधिकारी मनाचे दयाळू, शिवाय भोजन पोटभर जाहले होते, म्हणोन महाराजांस दंड केला नाही. निवाडा मात्र दिला की ज्यास बाप ओळखीत नाही तो राजवंशीचा नव्हे, अर्ज रद्द. महाराज मटकन खाली बैसले आणि खरोखर रडले. एकेचाळिसावे जवळ येऊन बोलिले, "बाबामहाराज, मी हा." महाराज बोलिले, "आता कळोन काय उपयोग?"

इतक्यात फान कागदी पुढे जाहले आणि विचारते जाहले, "साहेब, राजवंशीचे नव्हेत म्हणजे यांस वेस ओलांडावयास मोकळीक? कागद करावयास? लग्नास?" अधिकारी बोलिले, "रयतेच्या लग्नाशी दफ्तरास काय कर्तव्य?" फान बोलिले, "मग नाव काय लिहावे?" तेव्हा ल्यान बापामागोन बोलिली, "मी दहा वर्षे यांना आन म्हणते. तेच लिहा." अधिकाऱ्यांनी कारकुनास सांगितले, आणि जे काम एकतीस वर्षांत जाहले नाही ते तांदळाची पेज निवावयाच्या आत जाहले.

नववर्षापूर्वी लग्न जाहले. आन कागदी नदीकाठी कागदासाठी बांबू कुटू लागले आणि सुखी जाहले. महाराजांस त्यांची आठवण येई, परंतु वेस ओलांडावयाची नाही, सबब तटावर चढोन मोठ्याने हाक मारीत, आणि खालोन ओ येई. सारांश, बासष्ट पुत्र वंशदफ्तरी, परंतु महाराजांस नावानिशी ठाऊक एकच, आणि तो कागदोपत्री त्यांचा कोणीच नव्हे. वर्तमान ऐकिले तैसे लिहिले.