गजराबाईंचा लेप

मुलांनो, एका जंगलात गजराबाई नावाची हत्तीण राहत होती. तिच्या अंगावर सुरकुत्या होत्या. हत्तीच्या असतात तशाच. पण तीन दिवसांवर भाचीचं लग्न आलं आणि तिला त्या अचानक दिसू लागल्या.

त्याच सुमारास हुप्पाजी वानराने वडाखाली दुकान मांडलं. आवळा, डाळिंबाची साल आणि भरपूर लिंबाचा रस, असा लेप तो द्रोणात भरून विकायचा.

"ताई, यात अँटिऑक्सिडंट आहेत!"

"म्हणजे काय रे?"

"ते विचारायचं नसतं. लावायचं असतं."

गजराबाई द्रोण घेऊन निघाल्या. वाटेत साळिंदर वैद्य भेटले. त्यांनी द्रोण हुंगला.

"गजराबाई, आवळा चांगला, लिंबूही चांगलं. पण लिंबाचा रस फासून उन्हात गेलात तर कातडी भाजेल. आधी कानामागे थेंबभर लावा. दोन दिवस थांबा."

"लग्न परवावर आलंय, वैद्यबुवा! आणि सगळं झाडावरचंच तर आहे."

"खाजकुयलीसुद्धा वेलीवरच येते, बाई."

गजराबाईंना हे बोलणं फार लागलं. त्यांनी सोंडेपासून शेपटीपर्यंत लेप फासला आणि तो वाळावा म्हणून भर दुपारी माळावर जाऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी अंगभर फोड आले. त्या कळवळत हुप्पाजीकडे गेल्या.

"अभिनंदन!" हुप्पाजी म्हणाला. "आतलं विष बाहेर पडतंय."

लग्नाच्या दिवशी गजराबाई ओढ्याकाठी सावलीत पडून होत्या. लांबून सनई ऐकू येत होती. त्या मुसमुसत होत्या. साळिंदर वैद्य त्यांच्या पाठीवर गार पाणी ओतत होते. महिन्याभराने फोड बरे झाले, सालपटं निघाली. सुरकुत्या होत्या तिथेच होत्या.

हुप्पाजीने मात्र ती सालपटं दुकानावर टांगली. वर पाटी लावली : 'जुनी कातडी गेली!' बघता बघता रांग लागली. रांगेतल्या पांढऱ्या सशिणीने गजराबाईंना गाठलं.

"मावशी, खरं सांगा. त्रास नाही ना होत?"

सगळे वळून बघू लागले. वैद्यही तिथेच उभे होते. आपण फसलो हे चारचौघांत कसं सांगायचं? गजराबाईंनी मान ताठ केली.

"थोडं चुरचुरतं. पण गुण आला हो!"

सशिणीने दोन द्रोण घेतले. वैद्य ओढ्याकाठी गेले आणि आणखी काही जणांना पडता येईल एवढी सावलीतली जागा झाडू लागले.

तात्पर्य : झाडपाल्याने कधीच अपाय होत नाही. झालाच तर त्याला गुण म्हणावं, म्हणजे तो शेजाऱ्यालाही येतो.