अण्णासोंच्या दाढेचा नंबर

अण्णासोंची उजवीकडची दाढ ठणकायला लागून पंधरवडा झाला होता आणि पंधरवडाभर त्यांनी ती घरातल्या माणसांपासून लपवून ठेवली होती. घरातली माणसं म्हणजे एकट्या त्यांच्या पत्नी, राजमती. जयसिंगपूरच्या पाहुण्यांनी भडंगाची पिशवी पुढं केली तेव्हा 'आज उपवास हाय' म्हणून त्यांनी वेळ मारून नेली होती. पण परवा न चावता भाकरी गिळताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि राजमतींनी ताट बाजूला सारून "आ करा" असं फर्मावलं. मग लपवायला काही उरलं नाही.

तसे अण्णासो भित्रे नव्हते. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात असताना उसाच्या फडात निघालेला नाग त्यांनी न मारता काठीवर उचलून बांधापलीकडं सोडला होता. त्यांना भीती होती ती फक्त दात काढण्याची. लहानपणी आजोबांनी त्यांच्या हलत्या दाताला दोरा बांधून त्याचं दुसरं टोक दाराच्या कडीला अडकवलं होतं. तीन म्हटलं की दार उघडायचं ठरलं होतं. आजोबा 'एक' म्हणाले आणि तेवढ्यात बाहेरून पाहुण्यांनीच दार ओढलं. तेव्हापासून कुठलंही दार उघडलं की अण्णासोंचा हात आपोआप गालावर जायचा.

संध्याकाळी इंग्लंडातून लेकीचा, स्नेहलचा, व्हिडिओ कॉल आला. पुढच्या महिन्यात दोघं तिच्याकडं जाणार होते.

"अण्णा, दाढ तिथंच दाखवून या हां," स्नेहल म्हणाली. "इथं सरकारी दातांच्या डॉक्टरकडं नंबर लावून मला आठ महिने झाले. अजून बोलावणं नाही."

"आठ म्हयने?" अण्णासोंचा चेहरा उजळला. "आणि तवर काय करायचं?"

"काय करणार? वाट बघायची."

"आणि कॅनडात? आपला जिनेंद्र हाय की तिकडं."

"जिनूदादा गुडघ्याच्या डॉक्टरसाठी वर्षभर थांबला."

अण्णासोंनी कॅनडाकडं क्षणभर आशेनं पाहिलं. पण तिकीट इंग्लंडचं होतं. "शिस्तीचे देश हायत बघ," ते म्हणाले. "आपल्याकडं सगळ्याला नुसती घाई. मी म्हणतो, येतोयच तर तिकडंच दाखवू. नंबरानं होऊ दे."

राजमती मागं उभ्या होत्या. "आणि लेकीच्या घरात गाल धरून कण्हत बसतासा व्हय? तिनं नोकरी बघायची, पोरगी बघायची, का तुमचं तोंड बघायचं? इमानात बसायचं असंल तर दाढ हितं ठेवून चला. न्हाईतर मी एकटी जाते."

हे मात्र अण्णासोंना लागलं. नातीला पहिल्यांदा मांडीवर घ्यायचं होतं. वर्षभर ते त्याचीच स्वप्नं बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजमतींनी थेट डॉक्टर शिफाला फोन लावला. शिफा म्हणजे कारखान्यातल्या अल्ताफभाईंची लेक. अल्ताफभाई आणि अण्णासो एकाच मोटारसायकलवरून वीस वर्षं ड्युटीला गेले होते.

"संध्याकाळी सहाला पाठवा काकांना," शिफा म्हणाली.

अण्णासोंनी फोन हातात घेतला. "शिफा बाळ, सहाला कसं जमायचं? आमचं सूर्य मावळायच्या आत जेवण. पुन्हा तोंडात गोळीसुद्धा घालत न्हाई मी. तुला तर म्हाईतच हाय."

"व्हय की, विसरलेच मी. मग आत्ताच या."

"आत्ता? अगं, तुझे पेशंट असतील. इंग्लंडात तर आठ म्हयने थांबत्यात. मी आठपंधरा दिवसांनी सवडीनं..."

"काका, हे काय इंग्लंड हाय व्हय? या तुम्ही. तुमच्यासाठी खुर्ची मोकळी ठेवते."

राजमतींनी त्यांना दवाखान्याच्या पायरीवर सोडलं आणि त्या मंडईत गेल्या.

आत बाकावर तिघं बसले होते. नंबर देणारी मुलगी रजेवर होती, त्यामुळं येणाऱ्यानं 'शेवटला नंबर कुणाचा?' असं विचारायचं आणि त्या माणसाच्या मागं आत जायचं, असा साधा कारभार चालू होता. ते पाहून अण्णासोंना एकदम हायसं वाटलं. मी आलोय असं आत सांगायला ते काही गेले नाहीत. तिघांच्या मागं ते गुपचूप बसून राहिले.

इतक्यात मुरगूडचे हंबीरराव गालाला मफलर बांधून आत आले. "शेवटला नंबर कुणाचा, पावणं?"

"माझा," अण्णासो म्हणाले. "पर तुमी जावा की माझ्या आदी. लांबनं आलेलं दिसतासा."

हंबीररावांना भरून आलं. "असली माणसं ऱ्हायली न्हाईत आता!"

त्यांच्यामागून संयोगिता नावाच्या एक शिक्षिका आल्या. त्यांना शाळा गाठायची होती. अण्णासोंनी त्यांनाही नंबर दिला. मग एक आजीबाई आल्या, एक कॉलेजची मुलगी आली, मग नवीन कवळी टोचते म्हणून एक गृहस्थ आले. 'शेवटला कोण?' म्हटलं की अण्णासो हात वर करायचे आणि पुढच्याला वाट करून द्यायचे. मधल्या वेळात त्यांनी इंग्लंडची महतीही सांगितली.

"आठ म्हयने?" हंबीरराव ओरडले. "तवर दाढ ऱ्हातीया व्हय? माणूस ऱ्हायला तरी लई झालं!"

"शिस्त असती तिकडं," अण्णासो गाल दाबत म्हणाले. दाढेतून कळ थेट कानापर्यंत गेली होती.

एकेक जण आत जाऊन येत होता. पण घोटाळा असा झाला, की ज्यांचा सुई देऊन दात काढला होता त्यांना शिफा थोडा वेळ बाहेरच बसवत होती. त्यामुळं अण्णासोंनी ज्यांच्यावर उपकार केले ते बहुतेक सगळे घरी जायच्या ऐवजी कापसाचे बोळे दाबून त्यांच्याच समोर बसले आणि त्यांच्याकडं प्रेमानं बघू लागले.

शेवटी एक तरुण आला. "शेवटला नंबर कुणाचा?"

"माझाच. पर तुमी जावा..."

"अं हं!" हंबीरराव उठून उभे राहिले. त्यांचा अर्धा ओठ बधिर होता. "फाच माणसं फुडं सोडल्यात ह्यांनी! द्येवमाणूस हाय म्हणून कितींदा लुटायचं?"

"बरोबर आहे," संयोगिताबाई म्हणाल्या. शाळेत फोन करून, उशीर होईल असं कळवून त्या आधीच मोकळ्या झाल्या होत्या. "आता काका गेल्याशिवाय कुणीही आत जायचं नाही."

"मला कुटं घाई हाय?" तरुण ओशाळला. "आदी तुमी, काका."

"न्हाई न्हाई, आदी तुमी."

"छ्या! आदी तुमी!"

हा गलका ऐकून आतलं दार उघडलं. अण्णासोंचा हात गालावर गेला.

"काका?" शिफा दारात उभी होती. "तुम्ही हितं बसलाय? आणि मी मघापासनं तुमचीच वाट बघतीय! काकूंना दोनदा फोन केला. त्या म्हणतात, सोडून लई वेळ झाला. त्या तुम्हाला शोधत बसस्टँडवर गेल्यात!"

आता पळायला वाट उरली नव्हती. हंबीररावांनी त्यांचा दंड धरला. "चला, म्या हाय संगं. उपकार फिटायचं न्हाईत तुमचं." आजीबाईंनी पाठीवरून हात फिरवला आणि तरुणानं दार धरलं. इतक्या मानानं दात काढायला कोल्हापुरात आजवर कुणी गेलं नसेल.

खुर्चीत बसताच अण्णासोंनी डोळे गच्च मिटले. सुई टोचली. मग गाल जड झाला. शिफा अल्ताफभाईंच्या नव्या शेळीबद्दल काहीतरी सांगत होती. मध्ये थोडं दाबल्यासारखं वाटलं. हंबीररावांचा हात धरून अण्णासो मनातल्या मनात णमोकार मंत्र म्हणत होते. तो तिसऱ्यांदा संपला तेव्हा त्यांनी धीर करून म्हटलं, "शिफा, तीन म्हणून मग काढ हां."

"काय काढू? दाढ कधीच निघाली काका. ही बघा."

अण्णासोंनी डोळे उघडले. ट्रेमध्ये दाढ पडली होती. त्यांनी जिभेनं चाचपून पाहिलं. पंधरा दिवसांचा ठणका कुठल्या कुठं गेला होता. त्यांना इतकं हलकं वाटलं, की शिफाला पोटाशी धरावं आणि रडावं असं झालं. ह्या एवढ्याशासाठी आपण भडंग सोडलं!

तेवढ्यात भाजीच्या पिशवीसकट राजमती धापा टाकत आत आल्या. नवरा खुर्चीत आहे आणि दाढ ट्रेमध्ये आहे हे पाहून त्यांचा राग जागच्या जागी विरला. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "गावलासा एकदाचं," एवढंच त्या म्हणाल्या.

"काकू, डावीकडची पण एक किडलीय," शिफा आरशातून बघत म्हणाली. "पण ती आत्ता नको. ही बाजू भरून येऊ दे. आठ दिवसांनी या."

अण्णासो ताडकन उठून बसले. तोंडातला बोळा गालात सरकवून त्यांनी आवाज चढवला.

"आठ दिवस? हे काय इंग्लंड हाय व्हय?"