दंतमंजनाच्या पत्रकांची शास्त्रीय परीक्षा

खरे सांगण्यापूर्वी ते कोणाला सांगायचे आहे हे ठरवावे लागते, ही गोष्ट नाशिकक्षेत्री फार प्राचीन काळापासून मान्य आहे. गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, उतरलेल्या यात्रेकरूला तीर्थोपाध्याय प्रथम गाव विचारतात, मग आडनाव, मग आजोबांचे नाव. आणि वहीत कूळ सापडले म्हणजेच त्याला कोणते पुण्य लागू पडेल ते सांगतात. त्याला तहान लागली आहे काय, हे विचारण्याचा प्रघात नाही. ही पद्धत शेकडो वर्षे चालू असूनही दात घासण्याच्या कामी तिचा उपयोग कोणीच केला नव्हता. तो मान सिंहस्थाच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९३१ साली, पुंजाजी बोरस्ते यांनी मिळवला.

पुंजाजी मुंबईस एका जाहिरातीच्या कचेरीत अकरा महिने होते. (पाकिटांना तिकिटे चिकटवण्याच्या खात्यात. परंतु पाकिटात काय आहे ते वाचू नये, असा नियम त्या कचेरीत नव्हता.) ते परत आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत दोन सदरे, एक फूटपट्टी, चार रंगांच्या पेन्सिली आणि 'ग्राहकवर्ग' हा शब्द होता. नाशकात तोवर ग्राहक पुष्कळ होते, पण त्यांचे वर्ग पाडलेले नव्हते. लोक आपले येत, वस्तू घेत आणि जात. या गोंधळात शहराने इतकी वर्षे कशी काढली, याचे पुंजाजींना आश्चर्य वाटे.

घरी त्यांच्या वहिनी सगुणाबाई दंतमंजन करीत. रविवार पेठेतल्या ओटीवर सकाळी त्यांच्या उखळाचा आवाज सुरू झाला की गल्लीला दात घासायची आठवण होई. मंजन उत्तम होते, आणि हाच त्याचा मोठा दोष होता. कारण त्यामुळे गेली बारा वर्षे ते एका शब्दाच्याही जाहिरातीशिवाय रद्दीच्या पुडीतून खपत होते. सगुणाबाईंचा नवरा नाथा स्टेशनच्या रस्त्यावर टांगा हाकी आणि घरात मत देत नसे. पुंजाजींनी आल्या आल्या जाहीर केले की सिंहस्थाच्या गर्दीसाठी एक हजार पत्र्याच्या डब्या भरायच्या आणि प्रत्येक डबीवर छापील कागद चिकटवायचा.

"भावजी, त्यावर माझं नाव घाला," सगुणाबाई म्हणाल्या.

लग्न होऊन आल्यापासून त्यांनी काही मागितल्याची ही पहिलीच नोंद. दारावर नवऱ्याचे नाव होते, भांड्यांवर सासऱ्यांचे, माहेरच्या विहिरीवर भावांचे. आपले नाव एकदा कुठेतरी लिहिलेले बघावे, असे त्या बाईला मनापासून वाटत होते.

"घालू की, वहिनी," पुंजाजी म्हणाले. "पण ते शास्त्रानं सिद्ध झालं पाहिजे. आपण निरनिराळ्या वर्गांसाठी निरनिराळी पत्रकं काढू. पत्रक घेऊन येईल त्याला चिमूटभर मंजन फुकट. ज्या पत्रकाला जास्त माणसं येतील, त्यातलं नाव डबीवर. हा माझा शब्द."

"मग पत्रकात मंजनात काय काय असतं ते तरी लिहा. आधी मी घेते ती..."

परंतु पुंजाजींनी हात वर केला, कारण त्यांना वर्ग पाडायचे होते.

वर्ग पाडायला तीन दिवस लागले. पहिल्या वर्गात पंचवटीतील भिक्षुक, उपाध्ये व यात्रेकरू. त्यांच्या पिवळ्या पत्रकात असे होते की हे मंजन हिमालयातील एका मौनी साधूने पुंजाजींच्या आजोबांना सांगितले. दुसऱ्या वर्गात वकील, कारकून व शाळामास्तर. त्यांच्यासाठी पांढऱ्या गुळगुळीत कागदावर जर्मनीचे डॉ. ओट्टो ब्रुंकहोर्स्ट, आणि माणसाच्या एका दाढेत सतरा लाख जंतू. तिसरा वर्ग बाजाराला येणाऱ्या शेतकऱ्यांचा. त्यांना लाल कागदावर एक पहिलवान दिला, जो भरलेले पोते दातांनी उचलून नाशिकहून दिंडोरीस गेला होता. (परत कसा आला, हे जागेअभावी देता आले नाही.) चौथ्या वर्गात भद्रकालीकडील मुसलमान मंडळी; त्यांच्या गुलाबी पत्रकात हैदराबादच्या एका शाही हकिमांचा नुस्खा.

ही पत्रके भद्रकालीत हनीफभाईंच्या पायाने चालवायच्या छापयंत्रावर छापली गेली. हनीफभाई जुने, धंद्यात मुरलेले गृहस्थ होते आणि अक्षरांचे खिळे जुळवताना मजकूर वाचण्याची त्यांना खोड होती.

"पुंजाजी, साधू मौनी आहे तर त्यानं सांगितलं कसं?"

"स्वप्नात. स्वप्नात मौन लागू नसतं."

"बरं. आणि मी तर आठ वर्षं भाभींचंच मंजन वापरतो, कुठल्या हकिमाशिवाय. मला कुठल्या वर्गात टाकलं?"

"छापणाऱ्याला वर्ग नसतो," पुंजाजींनी खुलासा केला.

चार वर्ग झाल्यावर काही लोक उरले. टांगेवाले, भाजीवाल्या, धोबी, विधवा, दाईबाया आणि ज्यांच्याकडे पाहून काहीच ठरवता येत नाही असे. उरलेल्यांसाठी पाचवे पत्रक सगुणाबाईंना देण्यात आले, आणि चांगला कागद संपल्यामुळे ते हनीफभाईंच्या गठ्ठ्यांना गुंडाळलेल्या जाड, तपकिरी कागदाचे तुकडे करून त्यावर छापले. सगुणाबाईंनी त्यात एवढेच घातले: "हे मंजन मी सगुणाबाई घरी कांडते. दाढ दुखायची थांबते. नाही थांबली तर आणून द्या, मी दुसऱ्या दाराने पळून जात नाही." पुंजाजींनी ते वाचून मान हलवली. त्यात ना साधू, ना जंतू. पण परीक्षेत एक ढ विद्यार्थी असला म्हणजे बाकीचे उठून दिसतात, म्हणून त्यांनी हरकत घेतली नाही.

प्रत्येक वर्गात दोनशे पत्रके वाटली. पंधरा दिवसांनी निकाल हाती आला तो असा. साधूची अकरा पत्रके परत आली. त्यांपैकी तिघांना साधूचा पत्ता हवा होता. डॉ. ब्रुंकहोर्स्ट यांची नऊ. त्यांतल्या चार मास्तरांनी मंजन घेतले नाही, जंतूंच्या आकड्याचा पुरावा मागितला. पहिलवानाची चौदा आली, आणि त्यातले सहा जण त्याच्याशी कुस्ती लावून देता का, हे विचारायला आले होते. हकिमांची बारा; एका वृद्ध गृहस्थांनी हैदराबादेत आपली सासुरवाडी असल्याचे सांगून हकिमांची इतकी चौकशी केली, की पुंजाजींना हकीम त्याच जागी वारल्याचे जाहीर करावे लागले. सगुणाबाईंची एकशे त्र्याऐंशी. याशिवाय एकेचाळीस माणसे पत्रकाशिवाय आली, कारण पत्रक शेजारी वाचायला नेले होते.

दुसरा कोणी असता तर या निकालाने घाबरला असता. पुंजाजींनी तो शांतपणे तपासायला घेतला. सगुणाबाई एवढ्या हरखल्या होत्या की त्यांनी त्या दिवशी सर्वांना शिरा केला, आणि पुंजाजींनी तो खाता खाताच कारणाचा शोध सुरू केला. चौकशीसाठी त्यांनी मखमलाबादच्या भाजीवाल्या चंद्रभागाबाईंना ओटीवर बसवून घेतले.

"बाई, तुम्ही हे तपकिरी पत्रक का आणलंत?"

"दाढ लय ठणकत व्हती. रातचं डोळ्याला डोळा नाय. लेकीनं कागद वाचून दावला. मंजन नेलं अन् चार दिसांत थांबली. म्हनून आता सासूसाठी न्यायला आले."

"ते असू द्या. कागद कसा वाटला?"

"कागद?" चंद्रभागाबाईंनी विचार केला. "कागद बरा हाय की. जाड हाय. तंबाखू बांधते म्या त्यात."

पुंजाजींनी लिहून घेतले: कागद बरा, जाड. आणखी सव्वीस जणांना त्यांनी हाच प्रश्न विचारला आणि सव्वीस जणांनी कागद जाड असल्याचे मान्य केले. संशोधनात इतके एकमत क्वचितच आढळते. निष्कर्ष उघड होता: साध्या मजकुराने कोणी येणे शक्य नाही, लोक आले ते कागदाने, तेव्हा जाड तपकिरी कागदावर साधू, डॉक्टर, पहिलवान व हकीम हे चौघेही घातले तर नाशिक जिल्ह्यात एकही दात घासल्यावाचून राहणार नाही. एक हजार कागद छापून झाले, डब्यांना चिकटवूनही झाले. मग एक डबी वहिनींना दाखवण्यात आली.

सगुणाबाईंनी ती चारी बाजूंनी फिरवून पाहिली. बूडही पाहिले.

"माझं नाव?"

"जागा उरली नाही, वहिनी. चौघे आहेत ना."

"तुम्ही शब्द दिला होता."

"शब्द पत्रकाला दिला होता. जिंकला तो कागद."

"बरं," सगुणाबाई म्हणाल्या. त्यांना फार लागले होते, पण त्यांनी एकदा प्रयत्न करून पाहिला. "निदान आत काय आहे ते तरी लिहा. मी त्यात घालते ते..."

"आत काय आहे ते आत राहू द्या," पुंजाजी म्हणाले. "लोक बाहेरचं वाचतात."

सगुणाबाईंनी उखळ स्वच्छ धुतले, पालथे घातले, आणि लुगड्यांचे बोचके घेऊन नाथाच्या टांग्यात जाऊन बसल्या. नाथाने संसारातले पहिले मत दिले. "ओझरला माहेरी सोडून येतो," तो म्हणाला.

पुंजाजींना काळजी वाटली नाही. मंजन करणारी व्यक्ती हा सहावा वर्ग असून त्याचा विक्रीशी संबंध नसतो. कोठीतले मंजन आठव्या दिवशी संपले. नवव्या दिवशी ते एक हजार रिकाम्या डब्या समोर मांडून बसले, उखळ सुलटे केले, मुसळ हाती घेतले, आणि त्यांच्या ध्यानात आले की उखळात घालायचे काय, हे आपल्याला ठाऊक नाही. साधूच्या जटा किती हात लांब, हे त्यांना माहीत होते. डॉ. ब्रुंकहोर्स्ट यांना दोन बहिणी असल्याचेही माहीत होते. मंजनाविषयी मात्र काहीच माहीत नव्हते.

त्यांनी भावाला विचारले. "बारा वर्षं दात घासतोय," नाथा म्हणाला, "पण कधी इचारलं नाय." हनीफभाईंना विचारले. ते म्हणाले, "चव ओळखतो. पण चव छापता येत नाही, म्हणून लक्षात ठेवली नाही." चंद्रभागाबाईंनी कागद जाड असल्याचे पुन्हा सांगितले. अखेर पुंजाजी ओझरला गेले. सगुणाबाई भावाच्या खळ्यावर शेंगा तोडत होत्या.

"वहिनी," पुंजाजी खाली बसून म्हणाले, "मंजनात काय काय असतं?"

सगुणाबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. हा प्रश्न त्यांना आजवर एकाही माणसाने विचारला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्यांनी ते लपवले नाही. मग त्या म्हणाल्या, "आधी डबीवर नाव."

हनीफभाईंनी राहिलेल्या तपकिरी कागदाच्या एक हजार चिठ्ठ्या छापल्या आणि एक पैही घेतली नाही. त्या साधूच्या, डॉक्टरांच्या, पहिलवानाच्या आणि हकिमांच्या तोंडांवर आडव्या चिकटवण्यात आल्या: सगुणाबाईंचे दंतमंजन. सिंहस्थात डब्या अकरा दिवसांत खपल्या. पुंजाजींनी आपल्या अहवालात याचे श्रेय कागदाच्या दुप्पट जाडीला दिले आहे.

त्या दिवशी खळ्यावर सगुणाबाईंनी मंजनात काय असते ते सविस्तर सांगितले आणि पुंजाजींनी लिहून घेतले. दीड पान भरले. ते येथे देण्याचे कारण दिसत नाही. या हकिकतीत सगुणाबाई दोनदा ते सांगू लागल्या आणि दोन्ही वेळा त्यांना मध्येच थांबवण्यात आले; वाचकांपैकी कोणी हरकत घेतल्याची नोंद नाही. सर्व जण पुढे काय झाले ते वाचत गेले. जर्मन डॉक्टरांचे नाव मात्र आपल्याला पाठ झाले असेल. आपला वर्ग कोणता, ते यावरून ठरवण्यात आले आहे.