वाऱ्याच्या बाजूचे जोमाकाका

जोमाकाका कुणाच्याही घरी गेले की आधी वारा कुठून येतोय ते बघतात आणि नेमके तिकडे जाऊन बसतात. आपल्याला गार लागावं म्हणून नव्हे. दुसऱ्याला लागू नये म्हणून. माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी भटजींना सरकवलं, पाळणा फिरवला आणि खिडकीला पाठ लावून शेवटपर्यंत उभे राहिले. बायका घामाघूम झाल्या. पण काकांना बाजूला व्हा म्हणणार कोण?

काका करंजाड्याचे. तरुणपणी मिठागरात राबलेले, आता साठीला टेकलेले. स्वतःची चार मजली इमारत आहे, गळ्यात बोटभर जाडीची चेन आहे, दारात मोठी गाडी आहे. गाडीवर कायम कापड असतं, चेन जर्सीच्या आत खोचलेली असते, आणि काका सायकलवर असतात.

आमचा संघ तिघांचा. काका, गाड्यांचे सुटे भाग विकणारा इरफान आणि कॉलेजात शिकवणारा मी. सायकलच्या शर्यतीत पुढचा गडी वारा कापतो, त्याच्या चाकाला चिकटून येणाऱ्याचा दम वाचतो. शेवटचा टप्पा आला की पुढच्याने बाजूला व्हायचं आणि मागच्याने वाचवलेला सगळा दम एकदम काढून सुटायचं. काका वर्षानुवर्षं बाजूला होणारे.

"मी हाय ना पुढं," ते म्हणायचे. "तुमी फकत मागं चिकटा."

थोडं जरी अंतर पडलं तरी त्यांना मागे न बघता कळायचं. "मास्तर, वारा शिरला मधी!" असं ते ओरडायचे, भर वर्गात कॉपी पकडावी तसं. इरफानने त्यांच्या आडोशाने कितीतरी शर्यती मारल्या. हारतुरे, फोटो सगळं त्याचं. काका पोचेपर्यंत फोटोवाला निघालेला असायचा.

यंदा इरफाननेच ठरवलं. "चाचा, या वेळी तुम्ही जिंकायचं. आम्ही दोघं वारा खातो."

"येडा झाला काय रं तू?"

"मोठ्यांनी एकदा तरी ऐकावं छोट्यांचं."

शर्यत पळस्प्याहून सुटून कर्नाळ्याच्या पुढे जाऊन परत यायची होती. इरफान आणि मी आळीपाळीने पुढे राहिलो. काका मागे, नव्या सुनेसारखे अवघडलेले. कर्नाळ्याच्या चढावर त्यांनी दोनदा पुढे घुसायचा प्रयत्न केला. इरफानने दोन्ही वेळा वाट अडवली.

"माजी जागा द्या रं!"

"आज तुमची जागा मागे."

परतीला आमच्याबरोबर उरणचे दोन गडी उरले. शेवटच्या सरळ रस्त्यावर मी होतं नव्हतं ते ओतलं आणि बाजूला झालो. मग इरफानने जीव खाऊन ओढलं, तोही बाजूला झाला. "चाचा, सुटा!"

आणि काका सुटले. पेडलवर उभे राहिले, चेन जर्सीबाहेर येऊन नाचायला लागली. एवढा जोर त्या पायांत होता, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. बघता बघता सगळ्यांच्या पुढे गेले. समोर रेषा, मधे कुणी नाही.

तेवढ्यात त्यांनी मागे वळून बघितलं. आधी डावीकडे, मग उजवीकडे. पाय मंदावले. उरणचे दोघे शेजारून निघून गेले. काका तिसरे आले.

"चाचा, जिंकलेली होती!" इरफानने डोक्याला हात लावला. "मागे काय बघत होता?"

"मागं कोनच नव्हता रं," काका म्हणाले.

इरफान हसत हसत रस्त्याच्या कडेला बसलाच. मीही हसलो. काका तेवढे हसले नाहीत.

इरफान दुकान उघडायला गेला. आम्ही दोघं घरी निघालो. करंजाड्याच्या अलीकडे पुलाचा चढ लागतो. काका थकलेले दिसले, म्हणून मागून जाऊन मी त्यांच्या पाठीवर हात टेकला, थोडा रेटा द्यावा म्हणून.

"उतरू नको," ते समोर बघतच म्हणाले. "बस. चढतो मी."

मला काही समजेना. मी हात काढून घेतला. पुलाच्या माथ्यावर ते थांबले, पाणी प्यायले.

"तुजी काकी," ते म्हणाले. "लगीन झाल्यापासून माज्या सायकलच्या कॅरेजवर बसाची. खाडीचा वारा समोरून, नि ती मागं, मासलीची पाटी मांडीवर घेऊन. चढ आला का पाठीवर हात ठेवाची. 'उतरू काय?' म्हनाची. मी कदी उतरवली नाय."

काकी जाऊन तीन वर्षं झाली. मुलगे दोघेही परदेशात. तिच्याबद्दल काका आमच्याजवळ कधी बोललेच नव्हते, आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

"आता पुढं जातो मी," ते म्हणाले, "पन कोनासाठी, त्ये मागं बघल्याबिगर कलत नाय."

बाटली अडकवून ते निघाले. उतार होता, रस्ता मोकळा होता, मला घरी जायची घाई होती. तरी त्यांच्या दारापर्यंत मी त्यांच्या मागेच राहिलो.