फक्कीची पेठ

"वहिनी, भिंतीतून नका येऊ! दार काय शोभेला ठेवलंय?"

म्हात्रेसाहेब माझ्यावर पहिल्यांदा ओरडले ते असे. मी दचकून खाली बघितलं. कसली भिंत नि कसलं काय! वरसे गावाजवळच्या कापणी झालेल्या शेतात पांढऱ्या फक्कीची एक रेघ होती आणि माझा पाय नेमका तिच्यावर. चहाचा थर्मास सांभाळत मी मागं फिरले, रेघ जिथं तुटली होती तिथून आत शिरले, तेव्हा कुठं त्यांच्या कपाळावरची आठी गेली. "या, बसा," म्हणाले. बसू कुठं? ढेकळांवर?

हे म्हात्रे पेणचे आर्किटेक्ट. रोह्याच्या बाजारातली आमची जुनी दुकानांची रांग पाडून तिथं नवी इमारत व्हायची आहे. खाली दुकानं, वर आम्हा दुकानदारांची घरं, मधे मोकळा चौक. आमच्या ह्यांचं हार्डवेअरचं दुकान त्याच रांगेत. बिल्डरचा आर्किटेक्ट म्हणजे गॉगल लावून येईल, लॅपटॉपवर चकचकीत चित्रं दाखवील आणि जाईल, अशी आमची समजूत. हा गृहस्थ आला तो फटफटीला फक्कीच्या गोण्या बांधून.

"कागदावर काय वाट्टेल ते मावतं. चालून बघा!" हे त्यांचं पालुपद. वडील मिठागरात कामाला होते. ते पायांनी चिखल दाबून बांध घालायचे आणि हे पोरगं त्या बांधांवरून चालायचं. तेव्हापासून पायाखाली आल्याशिवाय ह्यांचा कुठल्याच रेघेवर विश्वास नाही. म्हणून अख्खी इमारत त्यांनी शेतात आखली, खऱ्या मापाची. तळमजला एकीकडे, वरचा मजला त्याच्या शेजारी. आणि रविवारी आम्हा सगळ्यांना तिथं राहायला बोलावलं. हो, राहायला!

अहो, गेलो की आम्ही! शिंप्यानं मशीन आणलं. चहावाल्यानं स्टो पेटवला नि धंदाही केला. सोनारकाकू आणि शिंपीणबाई यांचं तर दुपारपर्यंत कडाक्याचं भांडण. काकूंच्या देवघराला शिंपीणबाईंचा संडास लागून आला होता. दोघी एकमेकींच्या तोंडासमोर उभ्या, मधे बोटभर फक्की, आणि "भिंतीपलीकडून बोल!" म्हणून एक दुसरीला दटावतेय. म्हात्रे आले, केरसुणीनं संडास झाडून टाकला आणि पलीकडं नवीन आखला. "आत्ता केरसुणीत भागतंय. मग जेसीबी लागंल," म्हणाले.

नियम स्वतःलाही तोच. शेजारच्या खोलीत ठेवलेला फोन वाजला की जिन्याला वळसा घालून, दारादारातून जायचे. पोचेपर्यंत फोन बंद. माणूस खुळा आहे, यावर पेठेत एकमत झालं.

भानगड झाली ती स्वयंपाकघरांवरून. बिल्डरचं म्हणणं, ती मागं डक्टकडं टाका. पुढं हॉल आला की फ्लॅट झोकात दिसतो. म्हात्रे हटेनात. "स्वयंपाकघर चौकाकडंच. ओट्यापासून दुकानात हाक पोचली पायजे."

"मोबाइल कशाला आहेत मग?" बिल्डर हसला. मग हसू आवरून म्हणाला, "साहेब, तुम्हाला जमत नसेल तर मी दुसरा आर्किटेक्ट बघतो."

म्हात्र्यांनी रंगाऱ्याची उंच घोडी आणवली, मागच्या बाजूला उभी केली आणि माझ्याकडं वळले. "वहिनी, चढा."

"मी? साडी नेसून?"

"चढून बघा!"

चढले, देवाचं नाव घेत. वर पोचले आणि बघतच राहिले. खाली आमची सगळी पेठ पसरली होती, पांढरी, लख्ख. दुकानांत माणसं उभी, चौकात पोरं, जिन्यावर बायका, आणि एकही वीट नाही! हे सगळं ह्या माणसाच्या डोक्यात आधीपासून होतं? खुळा कसला?

"हाक मारा!"

"अहो, जेवायला या!" पुढं आमचे हे खिळे मोजतायत, ढिम्म. तसं ह्यांना पहिली हाक कानाशी मारली तरी कधी ऐकू येत नाही, पण बिल्डरला ते कोण सांगणार! मग घोडी चौकाच्या बाजूला आणली. मी पुन्हा ओरडले आणि हे खिळे टाकून उठलेच, "आलो, आलो!"

बायकांनी टाळ्या पिटल्या. सोनारकाकू पदर खोचून पुढं झाल्या. "स्वयंपाकघर पुढं नसेल, तर आमची संमती विसरा." बिल्डरनं सगळ्यांची तोंडं बघितली आणि हात जोडले.

निघताना मी म्हात्र्यांना विचारलं, "एवढा हट्ट का हो?"

ते घमेलं झटकत राहिले. "पेणची माझी पहिली बिल्डिंग. खाली ऑफिस, वर घर. स्वयंपाकघर मागं टाकलं, दिसायला बरं म्हणून. बायको रोज दोन जिने उतरून यायची, जेवायला चला सांगायला. गुडघे दुखायचे तिचे. मी म्हणायचो, फोन कर गो. तर म्हणायची, जेवायला काय फोनवरनं बोलवतात?" घमेलं खाली ठेवून म्हणाले, "आता कोण येत नाय."

आम्ही स्कूटरपर्यंत गेलो आणि आठवलं, थर्मास राहिला. परत आले तर शेत रिकामं. म्हात्रे एकटेच आमच्या फक्कीच्या दुकानात उभे होते, मान वर करून त्या रिकाम्या घोडीकडं बघत.

मी थर्मास तसाच ठेवला, पदर खोचला आणि घोडीवर चढले.

"अहो म्हात्रे! जेवायला या! घरी तांदळाच्या भाकऱ्या नि वालाचं बिरडं आहे!"

"आलो गो!" म्हणाले, आणि भिंतीतून सरळ चालत आले.