बंधू यमुना

ऐका, बाळांनो. एका जंगलात एक कॉलेज होतं आणि त्या कॉलेजात एक सेवा मंडळ होतं. पायवाटा झाडायच्या, चर खणायचे, म्हाताऱ्यांना पाणी भरून द्यायचं, असली त्याची कामं. मंडळाच्या घटनेत पहिलंच कलम होतं : नर असो वा मादी, सर्वांना प्रवेश.

फक्त टेकडीवरच्या शाखेत सगळे नर होते.

यमुना नावाची साळिंदर त्याच शाखेत नाव घालायला गेली. तिचं घर टेकडीवरच होतं.

शाखाप्रमुख होता गवा नरसू. तो कॉलेजात सातव्या वर्षाला होता. त्यामुळे त्याला परंपरेची फार माहिती होती.

"ताई, घटना सगळ्यांना लागू आहे," नरसू म्हणाला. "पण आमची शाखा घटनेच्याही आधीची. इथं बंधुभाव चालतो. तू आलीस की त्याचं काय व्हायचं?"

"मी माती उकरायला आलेय. बंधुभावाला हात लावणार नाही."

चिटणीस होता एक रानडुक्कर. तो खो खो हसला. नरसूनं डोळे वटारले, तसा तो गंभीर झाला.

यमुना घरी गेली. तिला रडू आलं. अंगावर काटे असले तरी येतं, बाळांनो.

त्याच आठवड्यात ओढ्याचा बंधारा फुटला. खाली सशांची वस्ती. बिळांत पाणी शिरू लागलं. टेकडीची शाखा धावली. आधी बंधुगीत झालं, तिन्ही कडवी. मग दगड रचले. दगडांच्या फटींतून पाणी खुशाल वाहत राहिलं.

यमुना काठावरून ओरडली, "अहो, चिकणमाती लागते त्याला! वरच्या उतारावर आहे. मी उकरते, तुम्ही वाहा!"

"तुला कामाला लावता येत नाही," नरसू घामाघूम होऊन म्हणाला. "तू सभासद नाहीस."

तेवढ्यात एक ससा पिलाला डोक्यावर घेऊन बिळातून बाहेर आला. "अरे, काय ते लवकर ठरवा!"

चिटणिसानं वही उघडली. "यमुनाताई, बंधू होतेस का?"

"काय?"

"वहीत 'बंधू यमुना' लिहितो. बंधूला प्रवेश आहे."

"आजोबा यमुना लिही," ती म्हणाली. "पण टोपल्या आण!"

तिनं उकरायला सुरुवात केली. तिच्या मैत्रिणी आल्या, भेकरी आल्या, माकडिणी आल्या. चिटणीस एकेकीला बंधू करत सुटला. ऊन उतरायच्या आत बंधाऱ्याचं भगदाड बुजलं. एकही पिलू वाहून गेलं नाही.

आनंदाच्या भरात नरसूनं यमुनेला बंधुभावानं मिठी मारली. पुढे आठवडाभर तो काटे काढत बसला होता.

पुढच्या वर्षी यमुना शाखाप्रमुख म्हणून निवडून आली. मुख्य मंडळाचा हत्ती तपासणीला आला.

"या शाखेत अजून मादी नाही म्हणे?"

"एकही नाही!" नरसूनं छाती फुगवली. "परंपरा शाबूत आहे."

हत्तीनं समोर पाहिलं. चाळीस बंधू बसले होते. त्यांतले तिघे पिलांना पाजत होते. हत्तीनं मुकाट्यानं सही केली.

जाता जाता तो यमुनेला हळूच म्हणाला, "माद्यांना कधी घेणार?"

"तेवढं विचारू नका, दादा," यमुना म्हणाली. "आमचे जुने बंधू दुखावतील."

तात्पर्य : नियम कधी मोडू नये, बाळांनो. नियमातल्या शब्दाचा अर्थ बदलावा. नियम सांभाळणाऱ्यांना ते कळत नाही आणि कळलं तरी त्यांचं समाधान ढळत नाही.