थोरल्या टायरांच्या मानपानाची बखर

श्रीगजवदन प्रसन्न असो. ज्याचें उदर थोर आणि वाहन उंदीर, तरी ज्याची स्वारी कोठें अडली नाहीं, त्यास नमन करून आणि ऐकणारांपुढें पानसुपारीचें तबक सारून हकीकत लिहितों. शके अठराशें एकोणनव्वद, प्लवंगनाम संवत्सर, माघ मास. राज्य कोणतें तें पुसूं नये. डोंगर आणि नदी यांमध्यें निजलेलें एक राज्य होतें, तेथें सकाळचें धुकें दोन प्रहरपर्यंत हालत नसे, आणि धनी जे होते तेही धुक्याबरोबरच उठत. धनी मोठे दयाळू, परंतु हुकूम करीत ते अर्ध्या झोपेंत, आणि ज्यास हुकूम होई त्यासही पुष्कळदां तो आपल्याच स्वप्नांतला वाटे.

ऐशियांत नदीपलीकडे घाटमाथ्यावर वरली वाडी म्हणोन गांव, तेथील झरा आटला. मग पाठीवर हौद बांधलेला सरकारी ट्रक पाणी घेऊन वर जाऊं लागला. ट्रकावर सुभानजी ड्रायव्हर होता, आणि त्याची बायको गजराबाई वरल्या वाडीची लेक. ट्रक घाट चढे, त्याविषयीं तक्रार नव्हती. परंतु वाटेंतील नदीची वाळू ओली आणि भुसभुशीत, तींत चाकें आंसापर्यंत रुतत, मग बैल आणून ओढावें, आणि त्या ओढाताणींत निम्में पाणी हिंदकळून वाळूच पीत असे. वाडीचे लोक कंटाळले आणि त्यांणीं निरोप धाडिला कीं, माघी पौर्णिमेपर्यंत पुरतें पाणी न आलें तर आम्ही देव उचलून खालीं येतों, वाडी मोडली असें समजावें. हें ऐकून गजराबाई चुलीपुढें बसून रडली. म्हणाली, "सासर कुटंबी मिळतंय. पर माह्यार उठलं म्हंजी पुन्ना कुणी मांडून देत न्हाई." सुभानजीस हे शब्द लागले, आणि आम्हांस लिहितांनाही लागतात.

मग सुभानजी दरबारीं गेला आणि गाऱ्हाणें घातलें. धनी निजले होते कीं ऐकत होते तें कळलें नाहीं, परंतु डोळे न उघडितां बोलिले, "थोरलीं चाकें द्या." त्याप्रमाणें थोरले टायर आले. जेथें पूर्वी सहा बोटें उंची होती तेथें आतां सात, या मानानें थोरले. त्यांस वेशीवर ओंवाळिलें, कुंकू लाविलें, आणि ट्रकास चढविलें, तेव्हां ट्रक बापाचे जोडे घातलेल्या पोरासारिखा दिसूं लागला. नदी तर त्यानें अशी ओलांडिली कीं वाळूवर नुसती नक्षी उमटली. सर्वांस आनंद जाहला. मग घाट लागला, आणि पहिल्याच वळणावर ट्रक कण्हला, थरथरला आणि उभा राहिला. कारण ऐसें कीं, थोरल्या टायराचा एक फेरा म्हणजे लांब ढांग, आणि इंजिन तें जुनेंच, त्यास प्रत्येक ढांगेस पूर्वीहून अधिक ओढावें लागे, तें त्याच्यानें होईना. वेगाचें घड्याळही खोटें बोलूं लागलें. त्यांत तीस दिसावे आणि झाडें पस्तिसानें मागें जावीं, तेणेंकरून सुभानजीस वाटे कीं आपण हळूच चाललों असून राज्यच मागें मागें सरकत आहे.

दरबारांत विचार पडला. सरकारी कारखान्याचे इमामभाई मिस्त्री यांस बोलाविलें. मिस्त्री बोलण्यांत मोठे गोड आणि मानाचे तितकेच भुकेले. त्यांणीं सांगितलें कीं, मागल्या आंसाच्या पोटांत दोन दातेरी चक्रें असतात, थोरल्यास क्राऊन म्हणावें, धाकट्यास पिनियन. इंजिन पिनियनास फिरवितें, पिनियन क्राऊनास, आणि क्राऊन टायरांस. पिनियनाचे जितके फेरे होऊन क्राऊनाचा एक फेरा पुरा होतो, तो आंकडा म्हणजे रेशो. "तर हुजूर, टायर मोटा झाला, आता रेशोबी मोटा लागतो," ऐसें म्हणून मिस्त्रींनीं मुजरा केला. त्रिंबकपंत म्हणोन दरबारचे मानपानाचे कारभारी जवळच बसले होते. कोणी कोठें बसावें, कोणाच्या पानांत आधीं वाढावें, हें त्यांच्या बोटांवर असे. त्यांणीं "मोटा" एवढाच शब्द ऐकिला आणि म्हणाले, "यथायोग्य. थोरल्यांस थोरलीच जोड पाहिजे. आजवर पिनियन सात दात्यांचें होतें, आतां आठांचें घालावें. धाकटें घालणें म्हणजे थोरल्या टायरांचे पंगतीस पोर बसविणें." मिस्त्रींनीं तोंड उघडलें, कारण कारखान्याच्या बोलींत रेशो मोठा म्हणजे आंकडा मोठा, आणि आंकडा मोठा व्हावयास पिनियनाचे दाते कमी लागतात. परंतु त्याच क्षणीं पंतांनीं त्यांच्या खांद्यावर रेशमी शेला घातला. शेला घेतांना नाहीं म्हणावयाची त्या दरबारीं चाल नव्हती. मिस्त्रींनीं मान लवविली, आणि पंतांनीं तो होकार धरिला.

क्राऊन आणि पिनियन एकमेकांवर घासून जोडीनेंच घडवितात, म्हणोन आठ दात्यांच्या पिनियनाची नवी जोडी, क्राऊनाचे दाते तितकेच, आणून बसविली. मग सपाटीवर ट्रक काय धांवला! इंजिन झोंपेंत गुणगुणावें तसें गुणगुणे, आणि धनी स्वतः आंत बसले ते कोसभर जातांच घोरूं लागले, आणि जागे होऊन म्हणाले कीं ऐसें वाहन जन्मांत पाहिलें नाहीं. परंतु घाटास लागतांच जें पहिलें वळण पूर्वी गांठीत होता तेंही आतां गांठेना. ट्रक मागें सरकला. सुभानजीनें उडी टाकून चाकांखालीं धोंडे लाविले, हौदाचें पाणी डचमळून दगडांवर सांडलें, आणि वर माथ्यावर वाडीचे लोक ओळीनें उभे राहून पाहत होते ते एक एक करून माघारीं फिरले. बरोबर आलेल्या गजराबाईस कळलें कीं ते गांठोडीं बांधावयास गेले.

मग ती तशीच कारखान्यांत गेली. पंत तेथेंच होते, नवीन पिनियनास हार घालावा कीं नाहीं याचा निर्णय करीत होते. बाई मिस्त्रींपुढें उभी राहिली आणि म्हणाली, "मिस्त्रीभाऊ, शेला बाजूला ठिवा आन् खरं सांगा, गाडी का चढंना?" मिस्त्रींनीं शेला काढून खुंटीस लाविला. म्हणाले, "वैनी, सहा दात्याचा पायजे. टायर सहाचा साताला पोचला, तर जुना पिनियन साताचा सहा झाला पायजे, मग इंजिनला वाटतं जुनंच वझं हाय. मी मोटा म्हन्लो तो आकडा. पर पंतांनी शेला घातला आन् माजी जीभ त्यात गुंडाळून गेली." तें ऐकून पंतांचा चेहरा उतरला. ते दुष्ट नव्हते. जन्मभर ज्याचा मान त्यास देत आले होते आणि त्याखेरीज त्यांस दुसरें कांहीं येत नव्हतें. म्हणाले, "परंतु बाई, सहाचें पिनियन थोरल्यांचे शेजारीं बसवावें कोणत्या नात्यानें? इतक्या थोर टायरांचा अपमान आम्हीं आपल्या हातानें करावा?"

गजराबाई म्हणाली, "पंत, लगनात नवरीमागं करवली हुबी ऱ्हाती. ती काय नवरीपरीस थोरली असती व्हय? कधी कधी तर परकराच्या नाड्याबी तिला बांधता येत न्हाईत. पर तिचा मान चुकला तर अख्खा मांडव रुसतो का न्हाई?"

पंतांनीं हार बाजूस ठेविला. त्यांच्या स्वतःच्या लग्नांत करवलीस खण द्यावयाचा राहिला होता आणि तें त्यांस सासुरवाडीकडून अजून ऐकावें लागत असे. मग एकाएकीं त्यांचे डोळे भरले आणि ते उठून म्हणाले, "करवली! अहो, धाकटेपणाचाच मान! हें आम्हांस सुचूं नये!" आणि त्यांणीं तात्काळ हुकूम केला कीं सहा दात्यांची जोडी आणावी, पिनियनास करवलीचा मान द्यावा, हिरवा खण आणि हळदकुंकू वाहून मग आंसांत बसवावें. मिस्त्रींनीं आतां न लाजतां सांगितलें कीं, सपाटीवर ती आठाची धांव राहणार नाहीं, पूर्वीसारिखीच मध्यम चाल राहील. हें धन्यांस कळविलें. धनी कुशीवर वळून म्हणाले, "आम्हांस इतक्या घाईनें कोठें जावयाचें आहे?" आणि पुन्हा निजले.

पौर्णिमेच्या सकाळीं ट्रक निघाला. धुकें ऐसें दाट कीं नदी दिसली नाहीं, नुसती चाकांखालीं ऐकूं आली. मग घाट लागला. इंजिनानें आपला जुना ओळखीचा सूर धरिला, ना कण्हणें ना गुणगुणणें, आणि पहिलें वळण आलें आणि गेलें, मग दुसरें आलें तेंही गेलें. खालीं राज्य दिसेना, वर माथा दिसेना, पांढऱ्यांतून पांढऱ्यांत ट्रक चढत होता, आणि पाठीवर हौदांत पाणी चुबुक चुबुक करीत होतें. वेगाचें घड्याळही खरें बोलूं लागलें होतें. सुभानजी बायकोकडे पाहीना, कारण पाहिलें तर ट्रक थांबेल ऐसें त्यास वाटे. गजराबाई दोन्ही हातांनीं दार धरून बसली होती. मग एकाएकीं धुकें सरलें आणि ऊन लागलें, तें माथ्यावरचें.

वाडीचे लोक वेशीपर्यंत निघून आले होते. पुढें एकाच्या डोईवर देवाची पाटी, मागें गांठोडीं, शेळ्या आणि उपडीं घातलेलीं रिकामीं भांडीं. गजराबाईची आई त्यांत होती. तिनें ट्रक पाहिला, लेक पाहिली. डोईचें गांठोडें खालीं ठेविलें, त्यांतून तांब्या काढिला, आणि हौदाच्या तोटीखालीं धरून कांठोकांठ भरिला. सगळ्यांस वाटलें कीं म्हातारी तहानेली आहे, पिईल. ती लेकीजवळ आली. माहेरीं आलेल्या लेकीच्या पायांवर पाणी घालावें ही वाडीची चाल, ती त्या सालीं कोणास पाळतां आली नव्हती. म्हातारीनें तो सगळा तांब्या गजराबाईच्या पायांवर ओतिला. इतकें पाणी धुळींत गेलें, आणि वाडींतलें एक माणूस हळहळलें नाहीं. मग आई म्हणाली, "ये." आणि देवाची पाटी घेतलेला मनुष्य होता तो माघारीं वळला आणि गांवांत चालूं लागला.

तात्पर्य इतकेंच जाहलें कीं, टायर थोरले केले, दाता एक कमी केला, आणि वाडी राहिली. धन्यांस हें सर्व दुपारीं सांगितलें, तेव्हां त्यांणीं पुसिलें कीं पाणी गोड आहे कीं नाहीं. गोड आहे ऐसें सांगितलें. लेखनसीमा.